रत्नागिरीत काम आणि बिऱ्हाड: वाचकांचे प्रश्न

रत्नागिरीत कामासाठी येऊ पाहणाऱ्या किंवा नुकत्याच आलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांनी 'पगार किती मिळेल?' असं विचारलं आहे. बंदराच्या गावात त्याआधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात: हे काम वर्षातले किती महिने चालतं, आणि पगार नक्की कोणाच्या हातून मिळणार? खालची उत्तरं याच दोन प्रश्नांना धरून आहेत.

मी सांगली जिल्ह्यातला. आयटीआय वेल्डर, दोन वर्षं गेट-ग्रिल आणि शेडची कामं केली. रत्नागिरीत कुठे आणि कधी यावं?

आधी नकाशा डोक्यात घ्या. मिरकरवाडा हे मासेमारीचं बंदर शहराला लागून आहे. मोठी मालवाहू जहाजं लागतात ती जयगडला, म्हणजे शहरापासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर. तिथेच १२०० मेगावॉटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे, ३०० मेगावॉटचे चार संच. दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडून पावस रस्त्याने गेलात की गोळप-रनपार भागात फिनोलेक्सचा पीव्हीसी कारखाना आणि त्यांची स्वतःची जेटी. मिरजोळे आणि झाडगाव या एमआयडीसी शहरातच आहेत. या चार दिशांना चार वेगवेगळी कामं आहेत. 'बंदरात वेल्डर पाहिजे' एवढंच कोणी सांगितलं तर यातलं कुठलं बंदर, ते विचारा.

गेट-ग्रिलचा हात असेल तर सगळ्यात लवकर काम मिळतं ते नौकांच्या दुरुस्तीत. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. एप्रिल-मेपासूनच नौका वर ओढायला सुरुवात होते आणि १ ऑगस्टच्या आत सगळ्यांना पाण्यात उतरायचं असतं. विंच (दोर ओढायचं यंत्र), गॅलोज (जाळ्याचे दोर टांगायची लोखंडी चौकट), सुकाणू, डोलकाठीचे आधार, डिझेलच्या टाक्यांचे कंस, सगळं याच दिवसांत होतं. यायचं तर एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. ऑगस्टमध्ये आलात तर काम संपलेलं असेल.

नौकेवरच्या कामात नवा माणूस तीन ठिकाणी चुकतो. स्टेनलेस जोडताना तो ३०४ या साध्या ग्रेडची सळई वापरतो. खाऱ्या हवेत तिच्यावर सहा महिन्यांत टिपके पडतात आणि पुढे भोकं. समुद्रावर ३१६ चाच पत्रा आणि ३१६ एलचीच फिलर (जोडात भरायची सळई) हवी. दुसरं, गॅल्वनाइज्ड पाइपावरचा जस्ताचा थर न घासता तो वेल्डिंग करतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. तो जस्ताच्या धुराचा ताप असतो. जोडापासून दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच थर घासून काढा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसा. तिसरी चूक जिवावरची. इथल्या नौका लाकडाच्या किंवा फायबरच्या असतात आणि तळाच्या पाण्यावर डिझेल तरंगत असतं. ठिणगी खाली कुठे पडते ते पाहायला एक माणूस पाण्याची बादली आणि ओलं पोतं घेऊन उभा केल्याशिवाय आर्क मारू नका. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते. ती नौकेवरून उतरवून, वाफेने धुऊन घेतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

खरा पैसा आहे तो प्रकल्पांच्या शटडाऊनमध्ये. पावसाळ्यात विजेची मागणी उतरते, तेव्हा कोळशावरचे संच आळीपाळीने बंद करून दुरुस्त करायची पद्धत आहे. काम तीन-चार आठवड्यांचं, बारा-बारा तासांच्या पाळ्यांचं. तिथे गेटचा अनुभव चालत नाही. बॉयलरच्या नळ्यांसाठी आयबीआरचं, म्हणजे भारतीय बाष्पक नियमांखालचं, वेल्डर प्रमाणपत्र लागतं. ते राज्याच्या बाष्पके संचालनालयामार्फत मिळतं आणि दोन वर्षांनी नवं करावं लागतं. इतर पाइपकामासाठी सहा-जी चाचणी घेतात: पाइप ४५ अंशांत घट्ट बसवलेला, आणि तुम्ही त्याच्याभोवती फिरून जोड पूर्ण करायचा.

त्या चाचणीत मुलं बहुधा तळाच्या पहिल्या थरातच नापास होतात. पाइपाच्या दोन्ही तोंडांना साडेसदतीस अंशांचा उतार, टोकाला एक ते दीड मिलिमीटर सपाट कड, आणि दोन तोंडांत अडीच ते तीन मिलिमीटर फट, एवढं आधी नीट जुळवा. फट कमी राहिली तर आतून धातू भिनत नाही, जास्त झाली तर आत लोंबतो. टॅक (तात्पुरते छोटे जोड) मारलेल्या जागा ग्राइंडरने दोन्हीकडून निमुळत्या करा. जोड तिथेच तुटतो. ७०१८ च्या वेल्डिंगच्या कांड्या पावसाळ्यात उघड्या ठेवल्या तर हवेतली ओल पितात आणि जोडात हवेची छिद्रं राहतात. त्या ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास भाजून, मग हातातल्या छोट्या ओव्हनमध्ये गरम ठेवून, एकेक काढून वापरतात. कोकणात ही शिस्त घाटावरच्यापेक्षा जास्त पाळावी लागते.

निघण्यापूर्वी घरूनच पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला काढून आणा. बंदर आणि प्रकल्पाच्या गेटपाससाठी तो मागतात, आणि तो तुमच्या मूळ पत्त्याच्या पोलीस ठाण्यातून येत असल्यामुळे इथे बसून आठवडे जातात. सोबत आयटीआयचं प्रमाणपत्र, आधार, बँक पासबुक आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला हवा. आयटीआय होऊन फार दिवस झाले नसतील तर अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर रत्नागिरी जिल्हा निवडून पाहा आणि 'महास्वयम'वरही नाव नोंदवा. वर्षभर कमी पैशात शिकून कंपनीच्या नोंदीत येणं हे दोन शटडाऊनच्या कमाईपेक्षा पुढे जास्त कामाला येतं, असं आमचं मत आहे.

मिरजोळे एमआयडीसीत नोकरी लागली आहे. खोली कुठे घ्यावी? घरमालक करार नको म्हणतात.

मिरजोळ्यासाठी कुवारबाव, खेडशी, नाचणे आणि साळवी स्टॉपच्या वरचा भाग सोयीचा. रेल्वे स्टेशनही त्याच बाजूला आहे. गोखले नाका, राम आळी, जेलनाका हा जुना गावभाग बाजाराला जवळ आहे, पण रोज चढ चढून यावं लागेल. बंदरावर काम असलेल्यांनी परटवणे, शिरगाव, मिऱ्या पाहावं, कारण तिथे पहाटे तीनला निघावं लागतं आणि त्या वेळी रिक्षा नसते. जयगडला नोकरी असेल तर शहरात बिऱ्हाड करू नका. वाटद-खंडाळा किंवा मालगुंड बघा, नाहीतर दिवसाचे तीन तास रस्त्यात जातील. कंपनीची बस असेल तर ती पहाटेच्या पाळीला नेमकी कुठल्या नाक्यावर थांबते ते आधी विचारा आणि त्या नाक्यापासून चालत दहा मिनिटांत खोली शोधा.

खोली पाहायला पावसाळ्यात जाता आलं तर उत्तम. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो आडवा येतो. उन्हाळ्यात पाहत असाल तर पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंती बघा. जांभा चिरा पाणी पितो. बाहेरून गिलावा नसेल किंवा झडीसाठी पत्रा लावलेला नसेल तर आतल्या भिंतीवर जमिनीपासून दोन-तीन फुटांवर पिवळट रेघ दिसते. ताजा रंग फक्त त्याच एका भिंतीला असेल तर कारण विचारा. कपाट त्या भिंतीला चिकटवू नका, हातभर सोडा. गच्चीवर पत्र्याची शेड असलेली इमारत घ्या. नुसत्या स्लॅबखालची वरची खोली जुलैत गळते.

पाण्याचं उलटं आहे. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये पाणी कमी पडतं, कारण जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळ पठारावर) ते थांबत नाही. शहराला शीळ धरणाचं पाणी येतं. नळाला किती वेळ येतं, इमारतीला स्वतःची विहीर आहे का, ती मे महिन्यात आटते का, आणि टँकर आला तर पैसे कोण देतं, हे चार प्रश्न मालकाला नाही, शेजारच्या भाडेकरूला विचारा.

कराराबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे मालकाला शांतपणे सांगितलं की पुष्कळदा ते तयार होतात. खर्चाचीही भीती असते. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे. समजा भाडं ७,००० रुपये, मुदत ११ महिने, परतीची अनामत २०,०००. भाड्याचे ७७,००० होतात. अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने अकरा महिन्यांचे सुमारे १,८३३ धरतात. बेरीज ७८,८३३, तिचा पाव टक्का १९७, म्हणजे शुल्क दोनशेच्या घरात. वर नोंदणी फी आणि एजंटाकडून केलात तर त्याचा मेहनताना. दोघांनी निम्मं-निम्मं केलं तरी हरकत नाही. हाच कागद पुढे गॅस आणि बँकेसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. मालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, तीही त्याच दिवशी उरकून घ्या.

अनामत देताना वीज मीटरचा आकडा आणि भिंतींचे फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. सोडताना 'ओल तुमच्यामुळे आली' या वादाला ते उत्तर असतं.

पर्ससीन नौकेवर खलाशी म्हणून ४०,००० रुपये उचल देतो म्हणतात. मी समुद्रावर कधी गेलेलो नाही. घ्यावी का?

लगेच घेऊ नका. पर्ससीन म्हणजे मासळीच्या थव्याभोवती सोडून तळाशी दोरीने आवळायचं मोठं जाळं. उचल म्हणजे आगाऊ पगार. ती फिटेपर्यंत तुम्ही त्या नौकेला बांधलेले असता, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी हिशेब लिहून घ्या.

विचारायचं काय? पगार महिन्याचा आहे की वाट्यावर? वाट्याची साधारण रीत अशी: लिलावात आलेल्या रकमेतून डिझेल, बर्फ, शिधा वजा होतो आणि उरलेल्यात नौकेचे, तांडेलाचे (नौकेच्या म्होरक्याचे) आणि खलाशांचे वाटे पडतात. त्यात तुमचा वाटा पूर्ण की नवखा म्हणून अर्धा? जाळं फाटलं, इंजिन बिघडलं तर तो खर्च वाट्यातून जातो का? आणि मुख्य म्हणजे वादळामुळे नौका बंदरात उभी राहिली त्या दिवसांचं काय? महिन्याच्या पगारावर असाल तर ते दिवस भरतात, वाट्यावर असाल तर फक्त जेवण मिळतं. पहिल्या वर्षी नवख्या माणसाने महिन्याचा पगार धरावा. हात बसला की मग वाटा.

हंगामाचा हिशेबही बघा. राज्याच्या बारा सागरी मैलांच्या हद्दीत पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा आहे. म्हणजे चाळीस हजारांची उचल चार महिन्यांत फेडायची तर महिन्याला दहा हजार आधीच गेले. हातात काय उरेल ते पाहा. ट्रॉलर (जाळं ओढत नेणारी नौका) आणि गिलनेटवर (पाण्यात उभं पसरायचं जाळं) हंगाम ऑगस्ट ते मे असा लांब असतो. पर्ससीनवर पंचवीस-तीस माणसं लागतात आणि नौका बहुधा त्याच दिवशी परतते. ट्रॉलरवर सहा-आठ माणसं असतात आणि फेरी कित्येक दिवसांची होते. समुद्र लागतो का, हे कळेपर्यंत रोज परतणारी नौका बरी. उलट्या पहिल्या तीन-चार दिवसांत कमी होतात. आठवडाभर गेला आणि पोटात काहीच टिकत नसेल तर हे काम तुमचं नाही, त्यात कमीपणा काही नाही.

कागदपत्रांत आधार कार्ड मूळ सोबत ठेवा. नौका बाहेर पडताना बंदरावर माणसांची नोंद होते आणि समुद्रात तपासणी होऊ शकते. तुमचं नाव त्या नोंदीत गेलं का, ते स्वतः पाहा. अपघात झाला तर तुम्ही नौकेवर होता याचा तो पुरावा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चाला २५,००० रुपयांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. पण तुमचं नाव यादीत असावं लागतं, आणि मासेमार कुटुंबातला नसलेला खलाशी नेमका तिथेच सुटतो. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. शिवाय बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणारा दोन लाखांचा अपघात विमाही घ्या.

आता जिवाचं. नवख्याने चार गोष्टी पहिल्या दिवशीच पाठ कराव्यात. धावत्या दोरीच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. पर्ससीनची तळदोरी विंचवर ओढली जाते तेव्हा कड्यांजवळ हात न्यायचा नाही, बोटं जातात ती तिथे. शिंगाळा माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या कढत पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा. त्या विषाची कळ उष्णतेने उतरते. काटा आत मोडला असेल तर मात्र डॉक्टरच हवा.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. मासळी साठवायचा खण दोन-तीन दिवस बंद राहिला आणि आत मासे कुजले, तर तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो आणि प्राणवायू कमी होतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून 'आता वास गेला' हा फसवा दिलासा आहे. साफ करायला उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उडी घेतो, तोही जातो. झाकणं सगळी उघडा, पंखा लावून भरपूर वेळ हवा खेळू द्या, उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधा आणि वर दोघे उभे ठेवा. खाली कोणी पडला तर दोरीने ओढायचं, आत उतरायचं नाही. तांडेल घाई करत असला तरी हे सोडू नका.

लाइफ जॅकेट तुमच्या मापाचं आहे का आणि ते झोपायच्या जागेजवळ आहे की इंजिनखोलीत कोंबलेलं, ते पाहून घ्या. संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही फोनमध्ये ठेवा.

मी लांजा तालुक्यातली. मासे प्रक्रिया कारखान्यात बायकांना काम मिळतं असं कळलं. काम कसं असतं?

दोन प्रकारचं. कोळंबी सोलायचं काम बहुतेक ठिकाणी किलोवर असतं: डोकं काढायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा. हात बसायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोपर्यंत किलोवरची कमाई थोडी असते. म्हणून शिकताना रोजाने पैसे देतात का, ते विचारा. दुसरं सुरिमीचं काम. राणी मासा आणि तसल्या पांढऱ्या मांसाच्या माशांची डोकी-पोट काढून, यंत्राने काटे वेगळे करून, मांस गार पाण्यात धुऊन, पिळून, साखर मिसळून त्याचे दहा किलोचे ठोकळे गोठवतात. इथे पगार महिन्याचा असतो आणि पाळ्या असतात.

दोन्हीकडे दिवसभर ओलं आणि गार. हात बर्फाच्या पाण्यात आणि कोळंबीच्या रसात राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात. आत सुती आणि वर रबरी असे दोन हातमोजे घाला. रोज संपल्यावर हात कोरडे करून खोबरेल लावा. गमबूट आपल्या मापाचेच मागा, मोठे असले की पाणी आत जाऊन पायाला चिखल्या होतात. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र, नखांचा रंग काही चालत नाही. माल परदेशी जातो आणि एक केस सापडला तरी लॉट अडकतो. दागिने घरीच ठेवून जा, लॉकरवर विसंबू नका. जुलाब, उलट्या किंवा हाताला पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी तसं सांगणं बंधनकारक असतं. सांगितलं तर पगार कापतात का, हेही कामावर लागण्यापूर्वीच विचारून ठेवा.

रात्रपाळी तुमच्या संमतीनेच देता येते आणि ने-आण व सुरक्षिततेची सोय मालकाने करायची असते. बस घरापर्यंत सोडते की नाक्यापर्यंत, ते पाहा. जून-जुलैत नौका बंद असल्यामुळे सोलायच्या कामाला उतार लागतो. तेव्हाही हजेरी भरते का, ते लिहून घ्या.

कंत्राटदाराकडे आहे. पगारातून पीएफ कापतात, पण पावती देत नाहीत. तक्रार केली तर काढून टाकतील.

तक्रारीआधी खात्री करा. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक मागा. तो नसेल तर पीएफ भरलाच जात नाही असं समजायला हरकत नाही. असेल तर उमंग अ‍ॅपमध्ये पासबुक दिसतं, किंवा नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शिल्लक एसएमएसने येते.

रक्कम ताडून पाहा. मूळ पगार अधिक महागाई भत्ता १२,००० असेल तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,४४० कापले जातात. मालकाचेही तेवढेच, पण त्यातले सुमारे १,००० पेन्शनमध्ये आणि ४४० पीएफमध्ये जातात. म्हणून पासबुकात दर महिना तीन आकडे दिसले पाहिजेत. काही कंत्राटदार मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापतात. तुमचे २,८८० कापले जात असतील तर तेच चाललं आहे आणि ते बेकायदा आहे. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. एखादा महिना उशीर दिसला तर घाबरू नका, तीन महिने काहीच दिसलं नाही तर हलायला हवं.

पीएफ संघटनेच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार टाकता येते. पण एकट्याने टाकण्यापेक्षा पाच-सहा जणांनी आधी मूळ कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी अर्ज द्यावा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, त्यामुळे कंपनी बिल अडवून धरते आणि काम बरेचदा तिथेच होतं. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा, जादा तासांचे पैसे दुप्पट दराने. हे होत नसेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. हजेरी रोज स्वतःच्या वहीत लिहा: तारीख, पाळी, आत-बाहेरची वेळ, सुपरवायझरचं नाव. गेटपास आणि कंपनीच्या बसचा पास जपून ठेवा. तुम्ही कधी त्या कंत्राटदाराकडे नव्हताच, असं म्हणायला मग त्याला जागा राहत नाही.

मुलगा दहावी झाला. एजंट म्हणतो तीन लाखांत सीडीसी आणि जहाजावर नोकरी. खरं आहे का?

सीडीसी म्हणजे खलाशाची ओळखवही. ती हातात आली म्हणजे नोकरी लागली असं नाही. खालच्या पदावर चढायचा सरळ मार्ग म्हणजे नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेत सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा (जहाजावरच्या साध्या खलाशाचा) अभ्यासक्रम. त्याला दहावीचे गुण, इंग्रजीचे गुण, वय आणि रंग ओळखण्यासह डोळ्यांची तपासणी अशा अटी आहेत. फी भरण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. रंगांधळेपण निघालं तर डेकची वाट बंद होते, आणि भरलेली फी परत मिळवणं अवघड असतं.

नोकरी लावणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक मागा आणि महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तो चालू आहे का, ते पाहा. परवानाधारकाला खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेताच येत नाहीत. म्हणजे 'तीन लाखांत नोकरी' या शब्दांतच उत्तर आहे. पर्यटक व्हिसावर परदेशी बंदरात नेऊन तिथे जहाजावर चढवतो म्हणणाऱ्याला तर पासपोर्ट दाखवूही नका.

मुलाला समुद्राचीच ओढ असेल तर सिफनेट या केंद्रीय संस्थेचे दहावीनंतरचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम पाहा, नौका चालवण्याचा आणि सागरी फिटरचा. केंद्रं कोची, चेन्नई आणि विशाखापट्टणमला आहेत. सागरी फिटर झालेल्याला मिरकरवाड्यातही इंजिनांचं काम मिळतं.

बी.कॉम. आहे. नवऱ्याची बदली रत्नागिरीला झाली. वर्षभराची नाही, पण हंगामी नोकरी चालेल.

मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आंब्याच्या बागायतदारांना आणि निर्यातदारांना बिलं, वाहतूक पावत्या, पेट्यांचा हिशेब आणि ऑनलाइन ऑर्डर सांभाळणारं माणूस लागतं. मे-जूनमध्ये कॅनिंगवाल्यांना वजनकाट्यावर नोंदी ठेवायला. फेब्रुवारीतच जाऊन भेटा. टॅली आणि जीएसटीची बिलं येत असतील तर एवढ्यावर काम होतं. ऑगस्टनंतर बर्फाचे कारखाने, डिझेल पुरवणाऱ्या मच्छीमार सोसायट्या आणि मासळी व्यापाऱ्यांकडे विचारा. तिथे हिशेब पहाटेच्या लिलावावर चालतो, म्हणून सकाळी सहाची वेळ जमते का, ते आधी ठरवा.

दोन वर्षांत मोटरसायकलची चेन आणि सायलेन्सर गंजून गेला. उपाय?

खारा वारा. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग चेनला वंगण लावा. पावसाळ्यात दर ५०० किलोमीटरला. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली. प्लॅस्टिकचं आच्छादन घालू नका, आत ओल कोंडते. कापडी चालेल, तेही गाडी कोरडी असतानाच. मांडवी-भाट्याच्या किनाऱ्यावर गाडी वाळूत नेली असेल तर त्याच संध्याकाळी धुवा, सकाळवर टाकू नका.